रेल्वे स्टेशन दोन मिनिटांवर: जुन्नर-आंबेगावात प्लॉट घेणाऱ्या नवशिक्यांसाठी

जुन्नर-आंबेगावात प्लॉट घ्यायचा तुमचा विचार पक्का झालाय, असं मी धरून चालतो. झाला नसेल तर नारायणगावच्या स्टँडवर उतरून पाच मिनिटं नुसते उभे राहा, होईल.

या गावाला सौदे नवीन नाहीत. जत्रांचा हंगाम आला की इथे तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावची यात्रा कमिटी येते, फड बघते, घासाघीस करते, सुपारी देऊन जाते. प्लॉटवाल्यांच्या राहुट्या बाराही महिने लागलेल्या असतात. फरक एवढाच, की सुपारी घेतलेला फड ठरल्या रात्री गावात येतो तरी.

१. आधी शेतकरी व्हा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. घाबरू नका. मुंबईचे डबेवाले बरेचसे याच पट्ट्यातले, जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळचे. तुम्ही त्यांच्यापैकी कोणाचे नातू असाल, तर कुठल्या तरी सातबाऱ्यावर चुलत्यांच्या गर्दीत आजोबांचं नाव निघेल. पंधरा गुंठे, चौदा हिस्सेदार. शेती करायला हे पुरत नाही, शेतकरी व्हायला पुरतं.

आजोबा कोकणातले किंवा सदाशिव पेठेतले निघाले, तर मात्र एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट शोधा. ‘एनए आहे का?’ असं विचारू नका. ‘ऑर्डर कधीची आहे, दाखवा’ असं म्हणा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर आलं की समजा, त्या रानात अजून कांदा आहे.

२. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. किलोमीटर खोटं बोलत नाही, म्हणून या धंद्यात ते चालत नाही. इथे अंतर मिनिटांत मोजतात. पुणे-नारायणगाव दीड तास. हा दीड तास पहाटे तीन वाजता, चाकणच्या तळेगाव चौकात चिटपाखरू नसताना मोजलेला असतो. तुम्ही शनिवारी सकाळी नऊला निघालात ही तुमची चूक.

मिनिटं कशापासून मोजायची, याला जास्त महत्त्व आहे. अस्तित्वात असलेल्या गोष्टीपासून मोजाल तर भाव वाढणार कसा? म्हणून नेहमी येऊ घातलेल्या गोष्टीपासून मोजा. पूर्वी इकडे विमानतळापासून मोजायचे. पुण्याचा नवा विमानतळ खेड तालुक्यात होणार म्हणून राजगुरुनगरपासून मंचरपर्यंत बांधाबांधावर बोर्ड लागले होते. २०१६ साली विमानतळ पुरंदरकडे निघाला. बोर्ड बरेच दिवस तिथेच होते.

मग आली रेल्वे. पुणे-नाशिक, सुमारे २३५ किलोमीटर, ताशी दोनशेचा वेग, वाटेत राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. काय दिवस होते! ज्याच्या त्याच्या प्लॉटपासून स्टेशन दोन मिनिटांवर. सगळ्या ब्रोशरांतली दोन-दोन मिनिटं नकाशावर मांडली असती, तर मंचर ते आळेफाटा एकच सलग प्लॅटफॉर्म निघाला असता.

आडवी कोण आली? खोडदची दुर्बीण. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी नारायणगावजवळ पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या केल्या, त्या आकाशगंगांचे क्षीण रेडिओ संदेश ऐकतात. शेजारून विजेची गाडी धडाडत गेली तर ऐकू काय येणार? केंद्राने ती आखणी नाकारली आणि गाडी अहिल्यानगर-शिर्डीकडून न्यायचं ठरवलं. जुन्या मार्गासाठी आंदोलनं झाली, पुढाऱ्यांनी निवेदनं दिली. गुंतवणूकदारांनी मात्र धडा घ्यावा: प्लॉट घेण्याआधी पत्रिका बघितलीत, ग्रह बघितलेत, पण ग्रह बघणाऱ्यांना विचारलं नाहीत.

आणखी एक. ‘रोड टच’ असेल तर कोणत्या रोडला, ते विचारा. नारायणगाव-मंचरला बायपास झाले. आधीच्या हायवेला चिकटून घेतलेले प्लॉट आजही रोड टचच आहेत. रोडवरची वाहतूक तेवढी पलीकडे गेली.

३. साईट व्हिजिटला सहकुटुंब जा. गाडी कंपनीची, मिसळ कंपनीची, त्यामुळे सासूबाईंनाही घ्या. आधी कमान लागेल. कमानीइतकं पक्कं बांधकाम तुम्हाला पुढे त्या प्रकल्पात दिसायचं नाही, तेव्हा फोटो तिथेच काढा. आत खडीचा रस्ता, दोन बाजूंना हाताएवढी नारळाची रोपं आणि रानात पांढऱ्या फक्कीने आखलेले चौकोन. कबड्डीचं मैदान समजून मुलं धावतील, धावू द्या. एवढ्यात एजंट फोन कानाला लावून जरा मोठ्याने म्हणेल, “नाही शेठ, सतरा नंबर गेला. आता कॉर्नरचा एकच राहिलाय.” तो कॉर्नरचा तुमच्यासाठीच राहिलेला असतो. तुमच्या आधीच्या गाडीतल्या माणसासाठीही तोच राहिला होता.

मी गेलो होतो तेव्हा बांधापलीकडे एक आजोबा कांद्याला पाणी धरत होते. मी उगाच विचारलं, “इथे पाणी किती फुटांवर लागतं, बाबा?” त्यांनी खोरं थांबवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “पावसाळ्यात विचारताय का उन्हाळ्यात?” एजंटाने लगेच मला ‘क्लब हाऊस’ बघायला नेलं. ती जागा म्हणजे एक बाभूळ होती.

४. व्ह्यूचे वेगळे पैसे द्या. शिवनेरी व्ह्यू, माळशेज व्ह्यू, बॅकवॉटर व्ह्यू, असे चढते दर आहेत. जुन्नरला २०१८ साली विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाल्यापासून तर नुसत्या टेकाडालाही व्ह्यू असतो. बॅकवॉटरला मागणी सर्वांत जास्त. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, पलीकडे डिंभे. धरणांना इथे तोटा नाही. डिंभ्याच्या पाण्याकडे बघत चहा पिताना एक लक्षात असू द्या. ज्या गावाच्या नावाने हा आंबेगाव तालुका ओळखला जातो, ते आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे. तिथल्या लोकांची घरं होती तेव्हा तो व्ह्यू नव्हता.

बिबट्या ब्रोशरमध्ये नसतो, पण उसात असतो. शेजारचे शेतकरी रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला निघतात तेव्हा दोघं मिळून, बॅटरी घेऊन, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून जातात. तुमच्या वीकएंडला ते पार्श्वसंगीत समजा.

डोंगरउतारावरचा प्लॉट दाखवला तर मात्र ही चेष्टा बाजूला ठेवा. माळीण आंबेगाव तालुक्यातच आहे आणि गाव दरडीखाली गेलं ती ३० जुलै २०१४ची सकाळ इथे कोणी विसरलेलं नाही. उतार कुठे कापलाय, पाणी कुठून वाहतं, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

५. सातबारा खालून वाचा. नवशिका वरचं नाव बघतो. मुरलेला माणूस थेट ‘इतर हक्क’ या रकान्याकडे जातो. तिथे सोसायटीचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं, कधी ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शिक्का असतो. धरणांच्या मुलखात त्याचं नवल नाही. भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसला, तर एजंट सांगेल, “दोनाचा एक करून देतो.” कोण करून देणार, हे तो सांगत नाही. आणि बहिणींचं हक्कसोड बघा. सातबाऱ्यावर नाव नसलेली एखादी आत्या कल्याणला असतेच, आणि खरेदीखत झालं की तिला माहेर आठवतं.

एक-दोन गुंठ्यांवर समाधान मानणार असाल तर तुकडेबंदी समजून घ्या. २०२३पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे आहे; शेतजमिनीचा त्याहून लहान तुकडा विकता येत नाही. म्हणून तुमच्यासारखे अकरा जण गोळा करून अकरा गुंठ्यांचं एक खरेदीखत होतं. सातबारा सामाईक, नावं अकरा, आणि तुमचा गुंठा नेमका कुठला, ते फक्त फक्कीला माहीत. पहिला पाऊस पडला की फक्कीलाही नाही.

या बाबतीत दोन हजार वर्षांपूर्वीचे जुन्नरकर बरे. मानमोडीच्या लेण्यांत कोणी किती निवर्तने जमीन दान दिली, ती कुठल्या गावात, कुठल्या झाडांपाशी, हे कातळात कोरून ठेवलंय. फेरफार नाही, दुरुस्ती नाही, तलाठी रजेवर नाही.

६. मोजणीची फी द्रुतगतीची भरा. मग वाट बघा.

७. उत्पन्नाची अपेक्षा माफक ठेवा. पुण्या-मुंबईकडची जी माणसं इथे प्लॉट घेतात, त्यांतली फार थोडी घर बांधतात. तारेचं कुंपण होतं, नावाची पाटी लागते, हप्ते चालू राहतात. ज्याने रान विकलं, तो त्या पैशातून चाकण-भोसरीकडे मुलासाठी वन बीएचके घेतो, कारण मुलगा तिथे कंपनीत आहे आणि त्या घरात माणसाला राहता येतं. तुम्ही मात्र दिवाळीत गाडी काढून आपली जागा तिथेच आहे ना, हे बघायला जाता.

तेव्हा पलीकडचे आजोबा कुंपणाशी येतील. “साहेब, नुसतं पडीक ठेवून गवत माजतं. मी जरा मेथी टाकली होती.” जाताना ते तुमच्या डिकीत दोन जुड्या ठेवतील. पैसे घेणार नाहीत. आग्रह करू नका. घरी न्या, निवडा, आणि त्या दिवसाचा मंडईतला भाव तेवढा वहीत लिहून ठेवा.