समोरच्या अंकलचं कार्ड

"काकू, ऐकलंत का? समोरच्या अंकलना दवाखान्यात जवळजवळ काहीच पैसे पडले नाहीत! मी साध्या खोकल्यापायी पर्स रिकामी करून आले, आणि ते खिशातून कसलंसं कार्ड काढतात नि हसत बाहेर."

"हळू बोल गं. दार उघडं आहे त्यांचं."

"त्यांना मराठी कुठे कळतंय?"

"'कार्ड' कळतं की."

सिंगापूरच्या जुरॉंग वेस्टमधल्या आमच्या ब्लॉकला कुंपण नाही. सामायिक गॅलरी आहे, कठड्याशी काकूंचा कढीपत्ता आणि माझी तुळस, आणि त्या दोन कुंड्यांमधल्या हातभर जागेतून सगळ्या मजल्याच्या बातम्या इकडून तिकडे जातात. काकू साताऱ्याकडच्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यामुळे कुठल्याही कागाळीचं व्याकरण व्हायला वेळ लागत नाही.

"पायोनिअर जनरेशनचं कार्ड आहे ते," मी म्हटलं. "२०१४ साली सरकारने आठ अब्ज डॉलर बाजूला काढले म्हणे. १९४९ संपेपर्यंत जन्मलेले आणि १९८६ अखेरपर्यंत नागरिक झालेले, असे साडेचार लाख लोक. देश उभा केला ना त्यांनी."

"पायोनिअर म्हणजे खड्डे खणणारा."

"काहीतरीच काय काकू!"

"अगं, खरंच. जुन्या फ्रेंचमधला शब्द. आधी नुसता पायदळातला शिपाई, मग कुदळ-फावडं घेऊन फौजेच्या पुढे चालणारा. झाडं तोडायची, खंदक खणायचे, तोफांना वाट करून द्यायची. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोत हा छावणीतला सगळ्यात खालचा माणूस आहे. हॅम्लेट मात्र जमिनीखालून बोलणाऱ्या बापाच्या भुताला कौतुकाने हेच नाव देतो. पुढे चालायचा म्हणून पुढे पुढारी झाला. हातातली कुदळ कधी गळून पडली, कुणी पाहिलं नाही."

"आणि आता स्टेशनचं नाव!" आमचं स्टेशन तेच, २००९ साली उघडलेलं. रोज त्या नावाखालून जाते मी.

"आणि त्याचा भाऊबंद कोण, माहितेय? आपला प्यून. पोर्तुगीजांकडून आलेला. फारसीतून आलेलं बुद्धिबळातलं प्यादंही त्याच घरातलं. सगळे पायी चालणारे, मुळात पायच. एकाच्या नावाने कार्ड निघालं, एक अजून साहेबाचा चहा आणतोय."

"आणि आपल्याकडे खणणाऱ्याला काय म्हणायचे?"

"बेलदार. फारसीत बेल म्हणजे फावडं, ते बाळगतो तो बेलदार. मुघल फौजेपुढे त्यांच्या टोळ्या असायच्या, काम अगदी त्या पायोनिअरचंच. आमच्या गावाबाहेर उतरायचे ते गाढवांवर माती लादणारे बेलदार लहानपणी पाहिलेत मी. त्यांच्या नावाला कुणी बढती दिली नाही. आता भटक्या जमातींच्या यादीत सापडेल. दिल्लीकडे सरकारी बांधकाम खात्यात बेलदार नावाचं पद असतं, तेवढंच."

मग आवाज आणखी खाली आला. "अंकल मात्र अस्सल. त्यांनीच सांगितलंय मला, तरुणपणी मातीच्या लॉरीवर होते. हे जुरॉंग म्हणजे नुसत्या टेकड्या आणि दलदल. १९६१पासून टेकड्या फोडून ती दलदल बुजवली. तेव्हाचे अर्थमंत्री गो केंग स्वी यांची ही कल्पना, लोक तिला 'गो यांचा वेडेपणा' म्हणत. आपण उभ्या आहोत ना, ती जागाही कुणीतरी खणूनच केलेली असणार. त्याला कार्ड मिळालं तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"दुखत नाही हो. पण मग कैद्यांचं काय? त्यांनी नाही खणलं?"

काकू क्षणभर गप्प. हे त्यांना माहीत होतं, पण मी आधी बोलले याचं आश्चर्य. १८२५ साली बेंकूलनहून हिंदी कैदी इथे आणले. पुढे कलकत्ता, मद्रास, मुंबई इलाख्यातूनही येत राहिले. रस्ते, दलदलीचा निचरा, सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. १८७३ साली त्यांचा तळ बंद झाला.

"मुंबई इलाख्यातले म्हणजे एखादा आपल्याकडचाही असेल त्यात," मी म्हटलं.

"असेलही. पायोनिअर म्हणायचं तर आधी त्यांना म्हणायला हवं. त्यांच्या नावाने कुठे गाडी थांबते का?"

खाली रस्त्यावर पाइपलाइनसाठी खणकाम चाललं होतं. मी डोकावून पाहिलं. तमिळ आणि बांगलादेशी पोरं.

"आणि ही?"

"ही वर्क परमिटवर आलेली," काकू म्हणाल्या. "त्या परमिटवर इथलं कायमचं वास्तव्य मागताच येत नाही. काम संपलं की परत."