पार्सल न होणारा वाडगा

वर्धा रोडवर खापरीच्या आसपास पसरलेल्या मिहानच्या लांबलचक इंग्रजी नावात ‘कार्गो हब’ दडलेला आहे. देशाच्या मधोमध बसलेल्या नागपुरात माल उतरावा आणि इथून चारी दिशांना रवाना व्हावा, असा तो बेत. अशा ठिकाणी रामेनची आठवण होणं साहजिक आहे, कारण ज्यांना प्रवास म्हणून सोसत नाही अशा पदार्थांत या जपानी वाडग्याचा नंबर फार वरचा.

तरी मिहानमधल्या ऑफिसांतली पोरं ते शहरातून मागवतात. मे महिन्याच्या उन्हात, एकेक सिग्नल पार करत डबा पोचतो, तोवर नूडल्सनी रस्सा पिऊन टाकलेला असतो. झाकण उघडल्यावर दिसते ती शेवयांची खीरच. तिखट असते म्हणून तसं म्हणवत नाही, एवढंच.

रामेनचा स्वयंपाक तासन्‌तास चालतो, पण रामेन होतं ते शेवटच्या मिनिटात. जपानात हाकाताकडे डुकराची हाडं इतकी खळखळ उकळतात की चरबी पाण्यात मिसळून रस्सा पांढराशुभ्र होतो. पण एवढ्या मेहनतीचा हा रस्सा बहुधा अळणीच ठेवतात! खारटपणा असतो तो सोया सॉस किंवा मिसोच्या दाट अर्कात. तो वाडग्याच्या तळाशी आधी घालायचा, त्यावर कढता रस्सा, सुवासिक तेल आणि नुकत्याच उकळत्या पाण्यातून काढलेल्या नूडल्स. नूडल्सच्या पिठात कान्सुई, म्हणजे आपल्या पापडखाराच्याच जातीचा क्षार असतो. त्याने त्या पिवळसर आणि चिवट होतात. एवढं करूनही त्यांचा जोर काही मिनिटांचाच. म्हणून हाकाताकडे त्या बेतानेच वाढतात. संपल्या की उरलेल्या रश्श्यात दुसरी जुडी मागून घ्यायची.

हे नागपूरकराला शिकवावं लागू नये. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर पोहे वेगळे, चण्याचा रस्सा वेगळा. दोघांची गाठ पडते ती तुमच्या प्लेटमध्ये, तुमच्या डोळ्यांदेखत. “भाऊ, अजून थोडी तर्री मारा ना,” म्हणायची सोयही त्यामुळेच राहते. पाटोडीच्या वड्याही जाणती गृहिणी रश्श्यात अगदी पानं घेताना सोडते. जपानातल्या साप्पोरोच्या थंडीत मिसो रामेनवरही तर्रीसारखा चरबीचा थर असतो, त्याखाली रस्सा लवकर निवत नाही. नागपूरच्या मे महिन्यात रस्सा निवण्याची काळजी कुणालाच नसते; आपण तर्री घेतो ती निव्वळ हौसेने.

आपण मागे पडतो ते घाईत. रामेन समोर आलं की बोलणं बंद, डोकं खाली आणि मोठ्याने भुरके. भुरक्याबरोबर हवा आत जाते, नूडल्स तोंड पोळण्याइतक्या गरम राहत नाहीत आणि वास नाकापर्यंत पोचतो. आपल्याकडे भुरके मारले म्हणून लहानपणी धपाटे बसतात, आणि मोठेपणी वाडगा समोर ठेवून आधी त्याचे फोटो निघतात. मग ऑफिसातलं राजकारण. तोवर नूडल्स फुगून बसलेल्या.

रामेनला प्रवासाला लावलं ते मोमोफुकु आन्दो यांनी, १९५८ साली. त्यांनी नूडल्स तेलात तळल्या. पाणी उडालं आणि त्या महिनोन्‌महिने टिकू लागल्या. भारतात १९८३ साली आलेली मॅगी त्याच वंशातली. रात्रपाळीच्या पोरांचा जीव तीच राखते, त्यामुळे तिला नावं ठेवण्याचं पाप मी करणार नाही.

पण मोठा वाडगा खायचा असेल, तर पायपीट आपण करायची आणि चुलीजवळची खुर्ची पकडायची. अगदीच जमत नसेल, तर हॉटेलवाल्याला निक्षून सांगा, “भाऊ, रस्सा वेगळा बांधा, नूडल्स वेगळ्या.” आणि ऑफिसच्या पँट्रीत रस्सा उकळेपर्यंत दुसऱ्या डब्याला हात लावू नका.