ब्रूसभाऊ हरत नाहीत

तालुक्याच्या प्रत्येक गावी एक ब्रूसभाऊ असतातच. पुण्यासारख्या शहरात दर दोन पेठांमागे एक. त्यांचं खरं नाव अनिल, सुरेश, प्रकाश असं काहीतरी असतं, पण ते आता रेशनकार्डापुरतं उरलेलं. वय साठीच्या आगेमागे, नोकरी बँकेतली किंवा एसटीतली आणि तीही संपलेली. पोट सुटलंय, तरी दुधाच्या रांगेत उभे राहतानासुद्धा एक पाय किंचित मागे, कारण हल्ला कुठूनही होऊ शकतो. दिवाणखान्यात दिवाणाच्या वर ब्रूस लीच्या ‘एंटर द ड्रॅगन’चं पोस्टर: उघडं अंग आणि छातीवर नखांचे ओरखडे. शेजारी मुलीच्या लग्नाचा फोटो, आकाराने निम्मा.

ब्रूसभाऊंचं आयुष्य एका मॅटिनीला ठरून गेलं. थिएटरमधून बाहेर पडले ते थेट घरी गेले, केरसुणीचा दांडा कापून दोन तुकडे केले, मधे शेजारच्या कुत्र्याची साखळी ठोकली आणि नानचाकू तयार केला. डाव्या भुवईवर अजून खूण आहे. विचारलं तर ‘ट्रेनिंग’ एवढंच सांगतात. समोर कोण होतं हे सांगत नाहीत, कारण समोर कोणीच नव्हतं. पुढे बरीच वर्षं शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी कराटेचा क्लास चालवला. पोरं ‘हु, हा’ करत रांगेत हवेला ठोसे मारायची. त्या सगळ्या काळात हवेने एकदाही उलट मारलं नाही, त्यामुळे भाऊंचा आत्मविश्वास शाबूत राहिला.

मग घरात यूएफसी शिरली.

अमेरिकेतला शनिवार रात्रीचा हा पिंजऱ्यातल्या मारामारीचा तमाशा आपल्याकडे रविवारी सकाळी, नेमका पोह्यांच्या वेळेला येतो. भाच्याने एमएमएचा, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा क्लास लावलाय, त्याचे कान जरा सुजलेले असतात आणि तो मोबाइल घेऊन मामासमोर बसतो.

“मामा, हा खबीब. एकोणतीस लढती, एकोणतीस जिंकलेल्या. दागिस्तानचा.”

“हात बघ किती हळू. ली असता तर याला कळलंच नसतं कुठून आला ते.”

“ली चौसष्ट किलोच्या आसपास, मामा. हा सत्तरच्या गटातला, तोही वजन उतरवून.”

“वजनाचं काय घेऊन बसलास? १९६४ साली लाँग बीचला लीने एक इंचावरून ठोसा मारला आणि माणूस मागे खुर्चीत जाऊन पडला.”

“खुर्ची आधीच ठेवली होती ना?”

“तेच तर! पडणार हे त्याला आधीच माहीत होतं.”

अशा माणसाला हरवायचं कसं? वजन निघालं की ते वेगावर जातात, वेग मोजायची भाषा आली की नियमांवर. “पिंजऱ्यात डोळ्यात बोट घालायला बंदी, गळ्यावर मारायला बंदी, खालच्या जागी लाथ घालायला बंदी. उरलं काय? नियम काढा, मग बघू.” नियम काढले तर समोरचाही डोळ्यात बोट घालू शकेल, ही शक्यता भाऊंच्या हिशेबात नाही. डोळे फक्त समोरच्याला असतात. भाचा सांगतो, की १२ नोव्हेंबर १९९३ ला डेनव्हरमध्ये पहिली यूएफसी झाली तेव्हा चावणं आणि डोळे फोडणं सोडून जवळपास सगळंच चालत होतं. वजनाचे गटही नव्हते. तरी जिंकला तो रॉइस ग्रेसी, अंगाने बेताचा ब्राझिलियन. येईल त्याला मिठी मारून खाली नेला आणि हार मानायला लावली. यावर भाऊ शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळतात. “ली खाली गेलाच नसता.”

पुराव्यांच्या बाबतीत भाऊ उदार आहेत. ब्रूस ली नानचाकूने टेबल टेनिस खेळतो तो व्हिडिओ त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर अनेकदा टाकलाय. ती नोकियाची २००८ सालची जाहिरात आहे, लीला जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती, हे भाच्याने दाखवून दिलं. भाऊ म्हणाले, “नोकिया काय उगाच कुणालाही घेईल?” मुंबईचा भरत खंडारे भारतातून यूएफसीपर्यंत पोचला, २०१७ मध्ये शांघायला लढला आणि पहिल्याच फेरीत साँग यादाँगने त्याची मान पकडली. भाचा त्या दिवशी हळहळत होता. भाऊंनी निकाल ऐकला आणि मांडीवर थाप मारली: “बघ, जिंकला कोण? चिनी!”

याच चीनमध्ये त्याच वर्षी, चेंगदूला, शू शियाओदाँग नावाच्या एमएमएवाल्याने ताईचीच्या एका गुरूला काही सेकंदांत लोळवलं होतं. ती क्लिप मात्र भाऊंच्या फोनवर कधीच डाउनलोड होत नाही. नेटवर्क नसतं.

एकदा हा खटला तालमीच्या ओट्यावर गेला. वस्ताद पेपर वाचत बसले होते. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, “किती किलोचा म्हनालास?”

“चौसष्ट.”

“मातीत का गादीवर?”

“गादीच, पण भोवती जाळी.”

“म्हंजे पळायला जागा न्हाई.” वस्तादांनी पान उलटलं. “पोरगं तयारीचं हाय, पिक्चर बघितलाय मी. पन दुहेरी पट निघाला की लाथ मारायला पाय कुठनं आननार? खाली कसं हाय ते सांग.”

खाली कसं आहे, या प्रश्नाला भाऊंकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे ते लीकडे होतं. ‘ग्रीन हॉर्नेट’ मालिकेच्या सेटवर त्याची जीन लेबेलशी गाठ पडली. लेबेल अमेरिकेचा जुडो विजेता, अंगानेही लीपेक्षा कितीतरी मोठा. लीने त्याच्याकडून पकडी शिकून घेतल्या. ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीलाच ली सॅमो हंगशी लढतो. दोघांच्या हातात बोटं उघडी असलेले छोटे ग्लव्ह्ज, आणि शेवट होतो जमिनीवर हात मुरगळून, समोरच्याने थापटून हार मानल्यावर. पहिल्या यूएफसीच्या वीस वर्षं आधी! भाऊंच्या बाजूचा एवढा एकच भक्कम पुरावा आहे आणि तो त्यांना ठाऊक नाही. ते नानचाकूच्या प्रसंगापर्यंत व्हिडिओ पुढे ढकलतात.

“तो स्पर्धेत उतरला नाही, कारण समोरचा मेला असता,” हेही भाऊंचं आवडतं वाक्य. प्रत्यक्षात १९५८ साली हाँगकाँगच्या शाळांच्या बॉक्सिंग स्पर्धेत तो उतरला होता आणि जिंकलाही होता. समोरचा जिवंत राहिला. त्याच वर्षी त्याने चा-चा नृत्याची स्पर्धाही जिंकली, पण ही बातमी आम्ही भाऊंपर्यंत पोचू दिलेली नाही.

भाऊ आणि त्यांचा देव यांच्यातला खरा फरक दिसतो तो १९६४ च्या ओकलंडच्या लढतीत. समोर कुंग फूवालाच, वाँग जॅक मॅन. कुणी म्हणतं तीन मिनिटं चालली, कुणी वीसच्या वर नेतं, जिंकलं कोण यावरही एकमत नाही. लीच्या बायकोच्या सांगण्यानुसार ली जिंकला. आणि जिंकूनही तो चिडला, स्वतःवर. दम लागला होता, शिकलेलं विंग चुन अपुरं पडलं होतं. मग त्याने धावणं वाढवलं, वजनं उचलली, बॉक्सिंगच्या फिल्म्स बघितल्या आणि तीन वर्षांत स्वतःच्या पद्धतीला जीत कुन दो हे नाव दिलं. भाऊंनी मात्र मॅटिनीनंतर एक स्टेपही बदललेली नाही. ली आज त्यांच्या क्लासला आला असता तर पहिल्या आठवड्यात फी परत मागून वस्तादांकडे गेला असता.

ली १९७३ साली बत्तिसाव्या वर्षी गेला. जगला असता तर डेनव्हरच्या त्या रात्री बावन्न वर्षांचा असता आणि, माझी खात्री आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रेसीच्या दारात उभा असता.

आता विचारताच आहात तर माझा निकाल सांगतो. १९७३ चा ली जसाच्या तसा उचलून आजच्या पिंजऱ्यात सोडला, तर पहिली दोन मिनिटं तो लोकांना वेड लावेल आणि तिसऱ्या मिनिटाला एखादा कसलेला कुस्तीगीर त्याला खाली घेईल. त्याच्या अंगकाठीला ५६.७ किंवा फार तर ६१.२ किलोचा गट मिळेल. ५६.७ च्या गटात डिमेट्रियस जॉन्सनने सलग अकरा वेळा किताब राखला होता, तेव्हा तिथे वेगाची नवलाई कुणाला नाही. पण त्याच लीला दोन वर्षं आजच्या आखाड्यात घाला, चांगला कुस्तीचा कोच द्या, मग त्याच्यावर पैसे लावायला मी तयार आहे. ब्रूसभाऊंना हे पटणार नाही. त्यांच्या मते दोन वर्षं कोचला शिकायला लागतील.