आम्हालाही झोन द्या

रसायनीतल्या मोहोपाड्याच्या नाक्यावर सध्या एकच वाद पेटलाय: गेममध्ये मेलेला माणूस खऱ्या जगात मरू शकतो का?

वादाचं मूळ ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ ही जपानी मालिका. तिच्यात दहा हजार खेळाडू हेल्मेट घालून गेममध्ये शिरतात आणि आतच अडकतात. आत मेलात की हेल्मेट बाहेर तुमचा मेंदू भाजून काढतं. कथेत हे 6 नोव्हेंबर 2022 ला घडतं. ती तारीख येऊन गेली, कुणाचा मेंदू भाजला नाही, वाद मात्र चालूच. एक पक्ष म्हणतो, आज ना उद्या होणारच. दुसरा म्हणतो, बॅटरीत तेवढा दम नाही. तिसरा पक्ष पालकांचा. त्यांच्या मते मेंदू केव्हाच भाजलाय.

पालकांच्या हातात पुरावेही आहेत. 1 जानेवारी 2022 पासून गेमिंगचं व्यसन आजारांच्या जागतिक यादीत आहे. मार्च 2019 मध्ये हिंगोलीत रुळाजवळ पबजी या मोबाइल गेममध्ये गुंगलेले दोन तरुण गाडीखाली सापडले. त्यावर विनोद होत नाही. एवढंच म्हणतो, की गाडी खरी होती.

आमचं डोकं मात्र पबजीच्या झोनवर अडकलंय. नकाशावर एक वर्तुळ येतं, बाहेर राहिलात तर जीव कमी कमी होत जातो. पण गेम आधी सांगतो हो! कुठे जायचं ते आखून देतो, किती वेळ उरला ते मोजून दाखवतो, झोन सरकायला लागला की पुन्हा बजावतो. काल खातं उघडलेल्या फुकट्या खेळाडूलाही. आता हाच खेळाडू रात्री मोबाइल ठेवून खिडकी उघडतो. वास येतो. कसला? माहीत नाही. कुठून? माहीत नाही. पळायचं कुठे? पाताळगंगेकडे की पनवेलकडे? नकाशा नाही, घड्याळ नाही. शेजारचे काका गच्चीवर जातात, वारा बघतात, नाक वर करून दोनदा हुंगतात आणि निकाल देतात, “काही नाही रे, नेहमीचाच आहे.” झालं! अख्खी इमारत झोपायला मोकळी. नेहमीचा म्हणजे निरुपद्रवी, हे कुठल्या रसायनशास्त्रात लिहिलंय? आणि एवढ्या कारखान्यांच्या पट्ट्यात धोक्याची सूचना देणारी यंत्रणा काय, तर काकांचं नाक! त्यांना सर्दी झाली की आम्ही काय करायचं? गेममधल्या बाहुल्याचा जीव किती उरलाय ते पोरांना पट्टीवर दिसतं. त्या पोरांच्या फुफ्फुसांची पट्टी कुणाकडे आहे? आभासी विषानं खरा माणूस मरतो का, यावर रात्र जागवायची आणि खरं विष नाकात गेलं की खिडकी लावून घ्यायची, हे शहाणपण आम्हाला शिकवलं कुणी?

डिसेंबर 2018 मध्ये रसायनीत वायुगळती झाली, तेव्हा माकडं आणि कबुतरं मेली. एकानंही हेल्मेट घातलं नव्हतं. स्क्रीन टाइम शून्य. रात्री जागून गेम खेळल्याची एकाही माकडाबद्दल तक्रार नव्हती. पालकांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा.

बरं, झोन मागणं हा आमचा चावटपणाही नाही. धोकादायक रसायनांबद्दलचे 1989 चे नियम आहेत. मोठ्या अपघाताची झळ कारखान्याबाहेरच्या ज्या लोकांना बसू शकते, त्यांना धोका काय, तेव्हा काय करायचं आणि काय टाळायचं, हे आधीच कळवायला हवं, असं त्यांत स्वच्छ लिहिलंय. पबजी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. म्हणजे झोनची कल्पना मुळात सरकारची. अंमलबजावणी तेवढी गेमवाल्यांनी केली.

तेव्हा वाचकहो, अशा सूचनेचा कागद तुमच्या घरी कधी आला असेल, तर त्याची झेरॉक्स या सदराच्या पत्त्यावर पाठवा. खर्च आम्ही देऊ.