पंचहजारी मनसबदार

पुरंदरच्या तहात बाल शंभूराजांना मोगलांची पंचहजारी मनसब मिळाली होती. हल्ली ती ज्याची त्याने घ्यायची असते. मीटरवर पाच हजार किलोमीटर भरले की गाडीचे सिंथेटिक इंजिन ऑइल बदललेच पाहिजे, असा ज्याचा निश्चय आहे तो आजचा पंचहजारी. वय पन्नाशीपुढचे, पार्किंग लिफ्टजवळचे, डिकीत पिवळे फडके. रविवारी सकाळी तो बॉनेट उघडतो, डिपस्टिक उपसतो, पुसतो, परत घालतो, परत उपसतो आणि टोकाचा थेंब अंगठ्या-तर्जनीत चोळून नाडी बघणाऱ्या वैद्याप्रमाणे डोळे मिटतो. "जीव गेलाय ऑइलचा," हे निदान ठरलेले. गाडीचे मॅन्युअल तेवढे ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत अस्पर्शित पडलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असे छापलेले असते. पंचहजारीला यातला आकडा पटत नाही आणि वर्षाची अट तर त्याच्या गावीही नसते. माझी तक्रार त्याच्या उधळेपणाबद्दल नाही. तो ऑइल बदलण्याची वेळ इंजिनाच्या दिनक्रमावरून न ठरवता स्वतःच्या धास्तीवरून ठरवतो, त्यामुळे कधी फार लवकर बदलतो आणि, गंमत म्हणजे, कधी फार उशिरा.

ही धास्ती आकाशातून पडलेली नाही. पंचहजारीचे गाडीविषयक संस्कार प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरच्या काळात झाले. कार्ब्युरेटर पेट्रोल मोजूनमापून देत नसे. चोक ओढून सुरू केलेल्या थंड इंजिनात जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धूत खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइलच्या भांड्यात, उतरे. पेट्रोलमध्ये शिसे होते, ते देशभरातून 2000 साली गेले. इंधनातल्या गंधकाचे आम्ल बनते आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेला क्षार त्यात खर्ची पडतो. आज बीएस-6 इंधनात हे गंधक दहा लाखांत दहा भाग इतकेच उरले आहे. पद्मिनीच्या पोटातल्या साध्या खनिज तेलासाठी तीन-चार हजारांचा नियम अगदी शहाणपणाचा होता. पुढे इंजिन बदलले, इंधन बदलले, तेल बदलले. नियमात मात्र तडजोड म्हणून हजारभर किलोमीटरची वाढ झाली, तीही महागाई भत्त्यासारखी कुरकुरत. अमेरिकेत असाच तीन हजार मैलांचा नियम लोकांच्या डोक्यात इतका रुतला होता, की तो उपटायला कॅलिफोर्निया सरकारला मोहीम काढावी लागली.

खरा विनोद पुढे आहे. पंचहजारी साधे तेल घेत नाही. दुकानातला सर्वांत महाग, 'फुल्ली सिंथेटिक' डबा घेतो, आणि शक्यतो झिरो डब्ल्यू (0W) ग्रेडचा. या झिरो डब्ल्यूची परीक्षा उणे 35 अंशांत घेतात. पुण्यात पारा पाच अंशांवर आला तरी पहिल्या पानावर बातमी होते. सिंथेटिक तेलाचा मोठा गुण म्हणजे ते उष्णतेत लवकर सडत नाही, म्हणून जास्त टिकते. म्हणजे हा गृहस्थ टिकाऊपणाचे पैसे मोजतो आणि तो टिकाऊपणा अर्ध्यावर गटारात सोडतो. निम्म्या किमतीचे तेल घालून पाच हजाराला बदलले असते, तर निदान हिशेब तरी जुळला असता. उलट टोकाचेही काही भक्त असतात. सिंथेटिक म्हणजे अमर, असे ते समजतात. तेही खरे नाही, कारण मूळ तेल टिकले तरी त्यात मिसळलेली झीजरोधक आणि मळ धरून ठेवणारी द्रव्ये खर्च होतच राहतात.

"पण ऑइल काळे होते ना!" हा पंचहजारीचा हुकमी पुरावा. ते काळे व्हायलाच हवे. इंजिनातली काजळी धरून आपल्यात तरंगत ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. डिझेल गाडीत नवे ऑइल पहिल्या काहीशे किलोमीटरांतच काळेकुट्ट दिसते, आणि तेव्हा त्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक आयुष्य बाकी असते. सीएनजी गाडीत याच्या बरोबर उलट घडते. गॅस जळताना काजळी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे ऑइल मधासारखे सोनेरी राहते आणि आतल्या आत उष्णतेने व नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी झिजत जाते. पंचहजारी ते पाहून शेजाऱ्याच्या सीएनजी गाडीला दीर्घायुष्याचे प्रमाणपत्र देऊन मोकळा होतो. ज्यांना खरेच जाणून घ्यायचे असते ते रंगावर जात नाहीत. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये लोको इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि त्यात लोखंड, तांबे, शिसे किती उतरले आहे ते मोजले जाते. ज्या इंजिनात शेकडो लिटर तेल मावते, तिथे अंगठा-तर्जनी पद्धत परवडत नाही.

आता त्याच्या बाजूने बोलता येण्यासारखे पाहू, कारण तो अगदीच मूर्ख नाही. तो म्हणेल, आमच्या ट्रॅफिकमध्ये आणि धुळीत कंपनीचे आकडे चालत नाहीत. यात तथ्य आहे, आणि कंपन्याही ते मान्य करतात. खडतर वापरासाठी ऑइल लवकर बदला, असे कित्येक मॅन्युअलांत लिहिलेले असते (त्यासाठी पिशवी उघडावी लागते). किलोमीटर हा मुळात इंजिनाच्या श्रमाचा कच्चा हिशेब आहे. ताशी वीसच्या सरासरीने शहरात पाच हजार किलोमीटर चाललेले इंजिन 250 तास फिरलेले असते. महामार्गावर ताशी साठच्या सरासरीने तेवढ्याच तासांत पंधरा हजार किलोमीटर होतात. रोज हिंजवडीला जाऊन सिग्नलला सिग्नल मोजणाऱ्याने पाच-सहा हजाराला ऑइल बदलले तर मी त्याला हसणार नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांनाही ही सवलत द्यायला हरकत नाही. पण आपला पंचहजारी ऑइल बदलतो ते गणपतीला कोकणात जाण्यापूर्वी, "लांबचा प्रवास आहे" म्हणून. नेमका हाच प्रवास ऑइलला सर्वांत सुखाचा असतो. इंजिन पूर्ण तापते, आत साठलेले पाणी आणि पेट्रोल उडून जाते, ऑइल ताजेतवाने होऊन परत येते.

दुसरा मुद्दा कंपनीच्या कटाचा. वॉरंटी संपली की इंजिन मरावे म्हणून कंपनी आकडा वाढवून सांगते, असे तो खालच्या आवाजात सांगतो. आकड्यात विक्रीकला असते हे खरे. युरोपात काही कंपन्या दोन वर्षे किंवा 30,000 किलोमीटरपर्यंत मुभा देतात, ती आपल्या रस्त्यांवर आणण्याचे धाडस मीही करणार नाही. पण ऑइल चेंजच्या बिलावर सर्व्हिस सेंटर जगते. कटच करायचा तर आकडा कमी सांगण्यात जास्त फायदा, आणि तो कट काउंटरवर उघडपणे चाललेलाच असतो: "साहेब, इंजिन फ्लशिंग पण करून टाकू का?" साहेब हो म्हणतात.

उरला शेवटचा बुरूज: ऑइल स्वस्त, इंजिन महाग. वाक्य बिनतोड आहे, म्हणूनच फसवे. जादा ऑइल चेंजने इंजिन जादा जगते असे त्यातून सिद्ध होत नाही. ॲल्युमिनियमच्या सम्पचे आटे मात्र दर वेळी ड्रेन प्लग आवळताना थोडे थोडे झिजतात. शिवाय ते काढलेले ऑइल जाते कुठे? कायद्याने तो घातक कचरा आहे. व्यवहारात गॅरेजच्या पिंपातून त्यातले बरेचसे 'काळे तेल' म्हणून विकले जाते आणि बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना फासले जाते. उणे 35 अंशांत वाहणारे द्रव्य वाकडच्या एखाद्या स्लॅबखाली संपते.

आणि उशीर कुठे होतो? तर घरातल्या दुसऱ्या गाडीत. ती भाजी आणायला, नातवाला शाळेत सोडायला, दोन-तीन किलोमीटर जाते आणि थंडच परत येते. आतले पाणी उडत नाही, पेट्रोल उडत नाही. ऑइलचे सर्वांत जास्त हाल याच गाडीत होतात. पण वर्षाला तिचे होतात अडीच हजार, म्हणून पंचहजारी तिच्याकडे दोन वर्षे बघतही नाही. त्यात ती बीएस-6 डिझेल असेल तर विचारायलाच नको. सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते. छोट्या फेऱ्यांत हे काम दर वेळी अर्धवट राहते आणि त्यातले काही डिझेल झिरपून सम्पमध्ये जमते. डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेच्याही वर चढते. हे पाहून मात्र आपला मनसबदार कधी नव्हे तो खूश होतो आणि फडके खांद्यावर टाकून साऱ्या पार्किंगला ऐकू जाईल असे सांगतो, "दोन वर्षं झाली, थेंबभर ऑइल खात नाही ही गाडी. उलट वाढतंय!"