आमटीचा डबा आणि पाच तारे

आमची आई गाडीतून गावी निघाली की तिच्या मांडीवर आमटीचा डबा असतो. स्टीलचा, कडीचा, आणि झाकण अंमळ ढिलं. वाईला आमटी मिळत नाही असं नाही. पण मावशीकडे रिकाम्या हातांनी कसं जायचं, हा प्रश्न ती गेली चाळीस वर्षं कटाच्या आमटीनेच सोडवत आली आहे. वडिलांच्या प्रीमिअर पद्मिनीत हा डबा पुढच्या सलग सीटवर दोघांच्या मधोमध बसायचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यामुळे मधे जागा मोकळी असे. मग गाड्या बदलल्या, गिअर खाली आला आणि डबा मागे गेला. पण वाईला पोचल्यावर झाकण उघडून आई जो निकाल देई, तोच आमच्या घरात गाडीचा आणि चालकाचा अंतिम निकाल.

यंदा आमची चौदा वर्षांची छोटी गाडी बदलायची ठरली. ती घेतली तेव्हा मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला होता, "ॲव्हरेज किती देते?" तिच्यात एअरबॅग नव्हती आणि ती मागायची असते हे मला ठाऊक नव्हतं. कायद्याने चालकापुरती एअरबॅग सक्तीची झाली ती 2019 साली. तोवर आपल्या सुरक्षिततेची सगळी भिस्त आरशाला टांगलेल्या लिंबू-मिरचीवर होती.

मुलीने मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, "बाबा, आधी तारे बघायचे." मी बघितले. ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2014 साली भारतातल्या पाच छोट्या गाड्या घेऊन ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत आमच्या चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलोही होती. तिलाच दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळवलं, तर चार तारे! शाळेत मला इतकी गुणवाढ फेरतपासणीतही कधी मिळाली नव्हती. पुढे 2018 च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि शोरूममधली भाषाच बदलली. आता तर भारत एनकॅप ही आपली स्वतःची परीक्षा 2023 पासून सुरू आहे.

64 हा आकडा ऐकून मी आधी नाक मुरडलं होतं. एवढ्याशा वेगात काय होणार? मग आकडेमोड केली. ताशी 64 ने आदळणं म्हणजे साधारण 16 मीटरवरून, पाचव्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली पडणं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं आणि पट्टा लावायची शपथ घेतली. द्रुतगती मार्गावर आपण शंभराला असतो तेव्हा हीच ऊर्जा जवळजवळ अडीचपट होते. त्यासाठी किती मजल्यांची इमारत लागेल ते बघायला मी गेलो नाही.

तळमजल्यावरच्या आप्पांना हे सगळं थोतांड वाटतं. त्यांची चाचणी बोटाच्या पेराची. शोरूममध्ये शिरल्या शिरल्या बॉनेटवर टकटक करायची आणि म्हणायचं, "पत्रा पातळ आहे." दार लावल्यावर 'धप्प' वाजलं की गाडी उत्तम, 'टण्ण' वाजलं की भंगार. आप्पांना गाडी नारळासारखी हवी आहे, वरून कठीण कवचाची. इंजिनिअर मंडळी मात्र गाडी आंब्यासारखी करतात. बाहेर गर, आत कोय. पुढचा भाग मुद्दाम चुरगळायचा, त्या चुरगळण्यात धक्का जिरवायचा आणि माणसं बसतात ती कोय शाबूत ठेवायची. मर्सिडीझमधल्या बेला बारेन्यी नावाच्या इंजिनिअरने हा विचार 1950 च्या सुमारास मांडला. आप्पा ज्या पत्र्यावर टकटक करतात, ती आंब्याची साल. तिच्या जाडीवरून कोयीची परीक्षा होत नाही. हे मी आप्पांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पुढच्या गाडीवर टकटक केली.

ताऱ्यांचंही मला थोडं नीट समजून घ्यावं लागलं. छोट्या गाडीचे पाच आणि भल्यामोठ्या गाडीचे पाच सारखे नव्हेत, कारण समोरासमोरच्या चाचणीत गाडी जणू स्वतःच्याच वजनाच्या गाडीवर आदळत असते. दोघी एकमेकींवर आदळल्या तर वजनदारीण जिंकणार. आणि साताऱ्याकडे गाळपाच्या हंगामात, रात्री, मागे एकही लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात उभी राहते, तिला कुणी तारे देत नाही. तिच्यासाठी ब्रेक हवा आणि माझा पाय वेळेवर हलायला हवा. तिथे माझी रंगलेली गोष्ट अर्ध्यावर थांबवून "अहो, पुढे बघा" म्हणणारी सौ. हे आमच्या गाडीतलं सर्वांत जुनं सुरक्षा-उपकरण आहे.

राहता राहिली चालवायची मजा. छोट्या गाडीत मजा कसली, असं मोठ्या गाडीवाले म्हणतात. मला वाटतं, मजा छोट्या गाडीतच आहे. मोठ्या दणकट गाडीला रंगात यायला ऐंशी-नव्वद लागतात. छोटी गाडी चाळिसातच रंगात येते. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना ती नेमकी किती कलली, पुढच्या चाकांखाली वाळू आली का, हे स्टिअरिंगमधून तळहाताला कळतं. जी गाडी हे सांगते तिच्याशी गप्पा होतात. जी सांगत नाही ती पाहुण्यासारखी, बरी असते पण बोलत नाही. गंमत अशी की उसाची ट्रॉली चुकवतानाही बोलणारी गाडीच कामाला येते.

तर तीन गाड्या चालवून पाहिल्या. तिन्ही चार मीटरला जेमतेम कमी, कारण 2006 च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला कराची सवलत मिळते. तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्या 3,995 मिलिमीटरवर श्वास रोखून उभ्या आहेत. काही सेडानची डिकी तर शिंप्याने कापड कमी पडल्यावर आखडती घेतल्यासारखी दिसते.

आई हट्टाने बरोबर आली. डब्यासकट. आमटीचं नाव काढताच विक्रेत्या मुलाचा चेहरा उतरला. "आजी, सीटकव्हर नवीन आहेत हो." अखेर डब्यात पाऊण भाग पाणी, यावर तडजोड झाली.

पहिली गाडी कापसासारखी. स्टिअरिंग एका बोटाने फिरे, खड्डा लागल्याचं कळतच नव्हतं. पण चौकाला वळसा घालताना ती आरामखुर्चीसारखी कलली आणि आईचा पदर भिजला. दुसरी आपोआप गिअर टाकणारी. प्रत्येक गिअरला ती किंचित मान डोलावायची, आणि तिच्याबरोबर आम्ही चौघं आणि पाणीही. तिसरीची सीट जराशी कडक, इंजिन थोडं कुरकुरं, आणि सनरूफ नाही. मुलीने तिथेच तोंड फिरवलं. पण त्याच चौकात ती रस्त्याला चिकटून वळली. मी, खोटं कशाला बोलू, त्या चौकाला तीन फेऱ्या मारल्या. विक्रेत्या मुलाने तिसऱ्या फेरीला हळूच वरचं हँडल धरलं. आईने झाकण उघडून पाहिलं. थेंबही सांडला नव्हता. या गाडीला पाच तारे आहेत, हे मुलीनेच नाइलाजाने सांगितलं. आप्पांनी टकटक करून मान हलवली, पण पेढा घेतला.

मागच्या रविवारी पहिल्यांदा वाईला निघालो. मी आईला समजावलं की जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचा डबा थांबत नाही, तो गाडीच्याच वेगाने पुढे येतो. "म्हणजे तुझ्या डोक्यात?" तिने विचारलं. म्हटलं, हो. तिला ते पटलं. तिने मधल्या सीटवर डबा ठेवला, कडीतून पट्टा ओवला आणि खटकन लावला. गाडी सुरू केली तर टिंग टिंग थांबेना.

"अरे, डब्याला बांधलंय की!"

"आई, तुझा राहिलाय."

"आधी त्याचं बघितलं," असं पुटपुटत तिने स्वतःचाही लावला.

खंबाटकीच्या चढाला मी दुसरा गिअर टाकला. शेजारून कुणी ओरडलं नाही, मागून कुणी काही म्हटलं नाही. एकेक वळण हातात येत गेलं, आणि माथ्यावर पोचलो तेव्हा मला पुन्हा खाली जाऊन घाट चढावासा वाटत होता. चहाला थांबलो. आईने पट्टा सोडून झाकण उघडलं, वाकून आत पाहिलं, करंगळी बुडवून चाखलं.

"सांडली नाही," ती म्हणाली. "पण मीठ कमी पडलंय."