इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहिणाऱ्या महोदयांस, धरणगावहून

महोदय,



आपली-आमची ओळख नाही. तरी रूटचे सगळे अधिकार हातात घेऊन आपण आमच्या वाचनालयाच्या संगणकात वावरून गेला आहात, तेव्हा आपल्याला परकं तरी कसं म्हणायचं? पुस्तकांच्या आणि सभासदांच्या नोंदी ठेवायला आम्ही आपली प्रणाली घेतली. फुकट होती, पडद्यावर मराठी नीट उमटत होतं, आणि सोबतच्या कागदावर छातीठोकपणे छापलं होतं : "कोणत्याही लिनक्सवर, एकाच कमांडमध्ये." ती एक कमांड आम्ही दिली. बरंच काही भरभर सरकलं आणि शेवटी हिरव्यागार अक्षरांत "स्थापना यशस्वी" असं झळकलं. आमचा शिपाई मागून डोकावत होता. "व्हयनं का भो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, व्हयनं.

फक्त त्या हिरव्या वाक्याच्या आधी एक "उणे ई" उगाच उभं होतं. ते आपलं ओळखपत्र, महोदय. रंगीत अक्षरांसाठी "एको"ला उणे ई जोडायची सवय बॅश या शेलवर वाढलेल्यांची. साधा शेल त्याला सूचना मानत नाही, मजकूर समजून छापून टाकतो. म्हणजे आपण पहिल्या ओळीत "स्लॅश बिन स्लॅश एसएच" लिहिलंत, आणि दुसऱ्या ओळीपासून बॅश बोलू लागलात. आपल्या लॅपटॉपवर दोन्ही नावांमागे एकच गडी असेल. आमच्याकडे नाही. उबुंटूने 2006 च्या ऑक्टोबरात, 6.10 आवृत्तीपासून, एसएचच्या जागी डॅश नावाचा सडपातळ शेल बसवला. डेबियनने तेच 2011 मध्ये स्क्वीझ आवृत्तीत केलं. आमच्या यंत्रावर सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे, तेही डेबियनच्याच पायावर उभं. ही बातमी धरणगावपर्यंत पोचली, आपल्यापर्यंत पोचायची राहिली, एवढंच.

डॅशला आपले दुहेरी चौकटी कंस कळत नाहीत. त्या नावाची कमांड सापडत नाही, असं तो प्रामाणिकपणे सांगतो आणि पुढे जातो. गंमत पुढेच आहे. आपण त्या कंसांत विचारलं होतं, "जुन्या नोंदींची फाइल आहे का?" कमांडच सापडली नाही, तेव्हा "इफ"ने त्याचं उत्तर "नाही" असं धरलं. मग आपल्या स्क्रिप्टने मोठ्या उदारपणे एक कोरी करकरीत फाइल तयार केली आणि जुनीच्या जागी ठेवली. चूक झाली तर थांब, असं सांगणारी एक ओळ सुरुवातीला असती तर स्क्रिप्ट तिथेच अडखळली असती, असं म्हणायचा मोह होतो. पण तसंही नाही. "इफ"च्या अटीत झालेली चूक ती ओळसुद्धा माफ करते. तिथे बिनतक्रार एकेरी कंसच लिहावे लागतात. पेन ड्राइव्हवर नोंदींची प्रत होती म्हणून सभासदांना तोंड दाखवता आलं.

त्यानंतर आपण आमची जात विचारलीत. म्हणजे यंत्राची. नाव उबुंटू आहे का? नाही. मग नक्कीच रेडहॅट असणार, असा निष्कर्ष काढून आपण तिथल्या पॅकेज बसवणाऱ्या यमला हाक मारलीत. यम आला नाही, हे वाचनालयाचं नशीब.

धरणगावात लग्नाला मांडववाला येतो, तो अंगणात आधी पहार मारून बघतो, खाली माती आहे की कोबा. यजमानाच्या आडनावावरून खड्डे कुठे घ्यायचे ते ठरवत नाही. नेमकं हेच शहाणपण डेव्हिड मॅकेन्झी या माणसाने 1991 च्या उन्हाळ्यात ऑटोकॉन्फ लिहायला घेताना दाखवलं : यंत्राचं नाव विचारू नका, हवी ती गोष्ट तिथे आहे का ते करून बघा. शेलमध्ये त्याला "कमांड उणे व्ही" एवढं पुरतं. अर्ध्या ओळीचं काम. पण अर्धी ओळ लिहायची तर समोरचं यंत्र आपल्या यंत्रापेक्षा वेगळं असू शकतं ही शंका आधी मनात यावी लागते.

आपण म्हणाल, फायली उचलून दुसरीकडे ठेवायच्या, त्याला एवढा पसारा कशाला? "इन्स्टॉल" नावाची कमांड आहे की! आहे. पण शेल आणि त्याच्या अवजारांचं जे पोसिक्स मानक 1992 मध्ये निघालं, त्यात तिला जागाच नाही. 4.2 बीएसडीची इन्स्टॉल एका पद्धतीने चाले, सिस्टिम फाइव्हची दुसऱ्याच. ऑटोकॉन्फने कोणकोणत्या इन्स्टॉलला हात लावायचा नाही, याची यादीच बाळगली आहे. त्यात सनओएसची आहे, आयरिक्सची आहे, एआयएक्सची आहे. एक इन्स्टॉल "स्टाफ" नावाच्या गटाला फायली देऊ पाहते, आणि तो गट यंत्रावर नसतोच. अमिगाची इन्स्टॉल तर फ्लॉपीवर बूटब्लॉक लिहायला बसते. यादी वाचताना मला हसू आवरेना, आणि लिहिणाऱ्यांबद्दल आदरही वाटला. यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाच्या तरी वाया गेलेल्या दुपारची पावती आहे.

या गोंधळावरचा उतारासुद्धा जुना आहे. एमआयटीतून 1991 मध्ये एक्स विंडोच्या अकराव्या आवृत्तीचं पाचवं प्रकाशन बाहेर पडलं. त्यात फायली बसवणारी एक शेल स्क्रिप्ट होती. बीएसडीच्या इन्स्टॉलसारखी वागणारी, पण स्वतंत्रपणे लिहिलेली. तिचीच वंशज आज "इन्स्टॉल-एसएच" या नावाने ऑटोकॉन्फचा जोडीदार ऑटोमेक आपल्यासोबत वाटत असतो. पाचशेच्या आसपास ओळी. नावातली ती आडवी रेघही फुकाची नाही. टिंब देऊन "इन्स्टॉल.एसएच" ठेवलं तर काही यंत्रांवरचा "मेक" तिला कच्चा माल समजून तिच्यापासून "इन्स्टॉल" नावाची फाइल परस्पर तयार करतो. आपल्या स्क्रिप्टच्या नावात अर्थातच टिंब आहे.

फोल्डरांची कथा वेगळीच. नोआ फ्रीडमन यांनी 1993 मध्ये "एमके-इन्स्टॉल-डर्स" ही स्क्रिप्ट लिहिली, कारण तेव्हा "एमके-डिर"ला "उणे पी" देऊन आई-बाप फोल्डरांसकट सगळी वाट बनवून घेण्याची सोय सर्वत्र नव्हती. ती वाटेतला एकेक फोल्डर तपासत जाते, नसेल तो बनवते. बनवायला गेल्यावर अपयश आलं, तर लगेच कपाळाला हात लावत नाही; मधल्या वेळात दुसऱ्या कुणी तो बनवून ठेवला का, ते वळून पाहते. असेल तर मुकाट पुढे. दोन कामं एकाच वेळी चालू असताना हा समजूतदारपणा फार उपयोगी पडतो. आपल्या स्क्रिप्टमध्ये मात्र उणे पी नाही, वळून पाहणं नाही. फोल्डर आधीच असला तर ती चिडते, नसला आणि त्याचा बापही नसला तर हरवते, आणि दोन्ही वेळी पुढच्या ओळीवर खुशाल चालू लागते.

त्यातून आमच्या फोल्डरचं नाव "ग्रंथालय नोंदी". मधे जागा सोडलेली, शुद्ध मराठीत. आपल्याला वाटलं होतं नावं एकशब्दी असतात. अवतरणचिन्हं न घातल्यामुळे शेलने त्याचे दोन तुकडे केले. घरच्या फोल्डरात "ग्रंथालय" तयार झालं आणि आम्ही उभे होतो तिथे "नोंदी". घटस्फोट झाला, आम्हाला नोटीसही नाही.

जागा सोडण्याचा हा प्रकार किती महागात पडतो, याचे दाखले जगभर आहेत. 2011 मध्ये बंबलबी नावाच्या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये "यूएसआर"नंतर एक जागा चुकून पडली होती. पुसायचा होता आतला एक लहानसा फोल्डर, पुसला गेला अख्खा "यूएसआर". 2015 च्या जानेवारीत स्टीम या गेमिंग सेवेच्या लिनक्स स्क्रिप्टची कथा उजेडात आली. फोल्डर हलवलेला असला की आपला पत्ता शोधणारी ओळ फसायची, पत्ता रिकामा राहायचा, आणि "आरएम उणे आरएफ" थेट मुळापासून सुरू व्हायची. त्या ओळीवर ती भीतीदायक असल्याची टीप लिहिणाऱ्याने स्वतःच लिहून ठेवली होती! भीती वाटली, लिहूनही ठेवली, पण पत्ता रिकामा असेल तर थांब, एवढं सांगणारं प्रश्नचिन्ह टाकलं नाही. आपल्याला तर भीतीही वाटलेली दिसत नाही.

आता विजेचं बोलू. आपल्याकडे ती जात नसेल. इथे मे महिन्यात ती आमच्यापेक्षा आधी विश्रांतीला जाते. आपण चालू फाइलीवरच नवी फाइल "सीपी"ने ओतता. सीपी आधी जुनी रिकामी करतो, मग नवी भरू लागतो. मधे दिवा गेला, की हातात उरते ना जुनी ना नवी. प्रोग्राम चालू असेल तर सीपी सरळ सांगतो की फाइल कामात आहे, आणि आपण तेही ऐकत नाही. इन्स्टॉल-एसएच काय करते ते पाहा. नवी प्रत आधी त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने ठेवते. परवानग्या, मालकी, सगळं तिथेच नीट लावते. आणि मग एकाच झटक्यात नाव बदलते. नाव बदलणं ही गोष्ट अर्धवट होत नाही. बघणाऱ्याला एक तर जुनी पूर्ण दिसते किंवा नवी पूर्ण. तात्पुरती प्रत "टीएमपी"मध्ये ठेवली की ही सगळी जादू संपते, कारण ते अनेकदा वेगळ्या फाइलसिस्टिमवर असतं आणि तिथून "एमव्ही" म्हणजे पुन्हा नक्कल करणंच. मधेच कुणी कंट्रोल-सी दाबलं तर तात्पुरता कचरा उचलायलाही ती "ट्रॅप" लावून ठेवते. तीस वर्षांहून जुन्या युक्त्या, महोदय. त्या लिहिणाऱ्यांना महावितरण ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी आमची काळजी घेतली.

परवानग्यांबद्दल मी थोडक्यात उरकतो, कारण रक्तदाब. प्रोग्रामांना आणि फोल्डरांना 755, साध्या फायलींना 644, एवढं पुरतं. आपण जवळजवळ सरसकट 777 वाटलंत. सभासदांचे फोन नंबर असलेली फाइलसुद्धा आता येणारा-जाणारा कुणीही बदलू शकतो. इतकं औदार्य गावजेवणातही नसतं. उलट माझ्या घरच्या फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइलीचा मालक मात्र रूट! ती मला उघडतच नाही.

इंग्रजांनी 1674 मध्ये या गावात वखार घातली. वखार कुठे आहे, हे निदान गावाला दिसत होतं. आपण आमच्याकडे काय काय कुठे घातलंत, ते मी अजून शोधतो आहे. काही "यूएसआर"च्या पोटात सापडलं, जी जागा डेबियनच्या पॅकेज व्यवस्थेची आहे. बाहेरच्यांसाठी शेजारीच "यूएसआर लोकल" मोकळं ठेवलेलं असतं. काही "ऑप्ट"मध्ये. एक चिन्हाची फाइल थेट मुळात पडली होती. प्रिफिक्स, म्हणजे बसवायचा पत्ता, विचारून घ्यायचा, बसवलेल्या प्रत्येक फाइलीचं नाव एका यादीत लिहून ठेवायचं, जाताना त्याच यादीवरून काढून न्यायचं, ही साधी रीत. बालकवींचं गाव असलं म्हणून सगळं कल्पनेनेच शोधायचं का आम्ही?

मॅकवाल्यांचं दुःख त्यांनी आपल्याला वेगळं कळवावं. तिथली बॅश 3.2 वरच थांबलेली आहे, आणि "सेड उणे आय" तिथे वेगळं वागतं. फ्रीबीएसडीवर तर बॅश "यूएसआर लोकल बिन"मध्ये राहते, तीही मुद्दाम आणली तर. "कोणत्याही लिनक्सवर" हे आपलंच वाक्य असल्याने मी त्यात शिरत नाही.

पण आपल्या नव्या आवृत्तीच्या जाहिरातीबद्दल बोलतो. त्यात आपण फाइल उतरवून घ्यायचीसुद्धा तसदी ठेवलेली नाही. "कर्ल"ने ओढायची आणि थेट "सुडो एसएच"च्या तोंडात सोडायची. आमचं इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. जोडणी मधेच तुटली तर शेल तोवर आलेल्या ओळी चालवून मोकळा झालेला असतो. ओळ अर्धी आली असेल तर अर्धीही चालवतो. पुसण्याच्या ओळीत पत्त्याचा शेवटचा भाग यायचा राहिला, तर काय होईल ते वर बंबलबीत वाचलंतच. सगळं काम एका फंक्शनमध्ये घालून त्याला शेवटच्या ओळीत हाक मारली, तर अर्धवट आलेली स्क्रिप्ट काहीच करत नाही. दोन ओळींचा खर्च.

तपासायलाही कुणी अडवलेलं नाही. "शेलचेक" फुकट आहे आणि अवतरणचिन्ह राहिलं की शिक्षकासारखं बोट ठेवतं. डेबियनकडे "चेकबॅशिझम्स" आहे, ते खास आपल्यासाठीच लिहिलं असावं. आणि डॅश तर कोणत्याही उबुंटूवर बसलेलाच असतो, कदाचित आपल्याही.

तेव्हा विनंती एवढीच : बसवलेल्या फायलींची यादी पाठवा, आणि काढून नेणारी स्क्रिप्ट पाठवा. "माझ्या यंत्रावर तर चालते" हे उत्तर पाठवू नये. ते मला माहीत आहे.

आपला,
रूट (सध्या नावापुरता)
धरणगाव, जि. जळगाव

ता. क. – काढून टाकणारी स्क्रिप्ट "ऑप्ट"मध्ये सापडली. तिच्यात एकच ओळ आहे, "आरएम"ने सुरू होणारी. पत्त्याला अवतरणचिन्हं नाहीत. आम्ही ती चालवत नाही.